एक एकराचा ठिबक संच: नळी चांगली, फिल्टर अपुरा

पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या तालुक्यांत मार्च उजाडला की विहिरी तळाला जातात. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात हे पाचही तालुके होते. ठिबक घ्यावं की नाही, हा प्रश्न या भागात आता कुणी विचारत नाही. मात्र संचात नेमकं काय असायला हवं, हे बहुतेकांना कोटेशनवर सही झाल्यावर, कधी कधी तर दुसऱ्या उन्हाळ्यात कळतं. म्हणून हे परीक्षण. पुण्यातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या विक्रेत्यांकडे अनुदानात मिळणारा, भाजीपाला, फुलं, ऊस अशा ओळीच्या पिकांसाठीचा एक एकराचा इनलाइन (म्हणजे थेंब सोडणारे ड्रिपर नळीतच बसवलेला) ठिबक संच इथे तपासला आहे. कंपनीचं नाव कोणतंही असो, विक्रेता जो ठरीव संच पुढे करतो तो जवळपास सारखाच असतो, त्यामुळे एका कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगतो. नळीला पाचपैकी साडेचार. बसवणीला तीन. फिल्टरला दोन. विक्रीनंतरच्या सेवेला दीड. आणि दुष्काळात संच तारतो की बुडवतो, हे नळीवर कमी आणि फिल्टरवर जास्त ठरतं.

नळीपासून सुरुवात करू. दोन ओळींत 5 फूट, म्हणजे दीड मीटर अंतर धरलं तर एकराला साधारण 2,700 मीटर 16 मि.मी. नळी लागते. ड्रिपर 40 सें.मी.वर असतील तर रानात सुमारे 6,750 ड्रिपर होतात. नळीवर दर काही अंतराने छापलेला मजकूर वाचा: आयएसआय चिन्ह, आयएस 13488 हा क्रमांक, क्लास (नळीच्या जाडीचा दर्जा), ड्रिपरमधलं अंतर आणि ताशी प्रवाह. ड्रिपर नसलेली साधी नळी असेल तर क्रमांक आयएस 12786 हवा. छपाई नखाने खरवडून निघत असेल किंवा बंडलागणिक मजकूर बदलत असेल तर ते बंडल परत करा. ऊस आणि फळबागेला क्लास 2 घ्या. दर हंगामाला गुंडाळून पुन्हा अंथरायची असेल तरीही क्लास 2 घ्या, कारण पातळ नळी गुंडाळताना मुडपते आणि मुडपलेल्या जागी पुढच्या वर्षी चिरते. या सगळ्यात आताच्या नळ्या खरोखर चांगल्या निघतात. ऊन, ट्रॅक्टरचं चाक, खुरपं सोसून त्या सहज सात-आठ हंगाम जातात. नळीचे खरे वैरी उंदीर आणि खार. रान कोरडं पडलं की तेच आधी नळी कुरतडतात. पीक निघाल्यावर नळ्या बांधावर तशाच टाकून ठेवू नका. गुंडाळून उंचावर टांगा.

चूक होते ती ड्रिपर निवडताना. विक्रेता बहुधा ताशी 4 लिटरचा ड्रिपर सुचवतो, कारण 'पाणी लवकर होतं'. 6,750 ड्रिपर गुणिले 4 म्हणजे एकराला ताशी 27,000 लिटर. एप्रिलमध्ये एवढं पाणी कोणती विहीर देते? घरी 200 लिटरचा पिंप असतोच. पंप पंधरा मिनिटं चालू द्या, पाण्याची धार स्थिर झाली की पिंप भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. 60 सेकंद लागले तर ताशी 12,000 लिटर. हे मोजमाप पावसाळ्यात नको, उन्हाळ्यातच करा. ताशी 2 लिटरच्या ड्रिपरने सुद्धा पूर्ण एकर एकदम चालवायला 13,500 लिटर लागतात, म्हणजे या विहिरीवर तो चालणार नाही. मग एकराचे अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन भाग पाडायचे, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह, वेगळा सबमेन (नळ्यांना पाणी पोचवणारा मोठा पाइप). एका भागाला ताशी 6,750 लिटर लागतात आणि पंपाला थोडी सवड राहते. कोटेशनमध्ये एकच व्हॉल्व्ह दिसला तर तिथेच थांबा आणि दुसरा लिहून घ्या. पाण्याची तूट असलेल्या रानाला आमची शिफारस ठाम आहे: 2 लिटरचाच ड्रिपर.

नळीच्या लांबीचंही तसंच. सपाट रानात 40 सें.मी. अंतरावर 2 लिटरचे ड्रिपर असतील तर एक नळी 80 मीटरपर्यंत चालते. 4 लिटरचे असतील तर 50 मीटरच्या पुढे शेवटचं टोक तहानलेलं राहतं. सासवडच्या आजूबाजूला रानं उताराची. तिथे नळी उताराला आडवी, समपातळीत अंथरायची. दर 10 मीटर उंचीला 1 किलो (म्हणजे चौरस सें.मी.ला 1 किलो) दाब कमी-जास्त होतो. तीन मीटर चढ असेल तर एका टोकाला 1 किलो आणि दुसऱ्याला 0.7 किलो मिळतो, आणि साध्या ड्रिपरचं पाणी तिथे साधारण सोळा टक्क्यांनी घटतं. आडवं अंथरणं शक्य नसेल तर दाब सांभाळणारे ड्रिपर घ्यावेत. ते महाग पडतात, पण अशा रानात दुसरा मार्ग नाही. आणखी एक समज खोडायला हवा. शेततळं उंचावर आहे, तेव्हा पंपाशिवाय ठिबक चालेल असं सांगितलं जातं. तीन मीटर उंचीच्या तळ्यातून मिळतो 0.3 किलो दाब. तो फिल्टर पार करण्यातच संपतो.

आता फिल्टर. संचाचा हा सगळ्यात दुबळा भाग, म्हणून इथे सविस्तर.

ठरीव कोटेशनमध्ये फिल्टरच्या ओळीत अनेकदा एकच नाव असतं: 2 इंची स्क्रीन (जाळीचा) किंवा डिस्क (चकत्यांचा) फिल्टर. त्यावर ताशी 25 घनमीटर असा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा स्वच्छ पाण्याचा असतो. तळाला गेलेल्या विहिरीचं, शेवाळलेल्या शेततळ्याचं पाणी त्यातून तसं जात नाही. कोणत्या पाण्याला कोणता फिल्टर, हे पाण्याच्या उगमावर ठरतं. उघडी विहीर, शेततळं, कालव्याचं किंवा उपसा योजनेचं पाणी असेल तर आधी वाळूचा फिल्टर आणि त्यामागे डिस्क हवाच. कारण शेवाळ लवचिक असतं, जाळीतून दोऱ्यासारखं निसटतं आणि ड्रिपरमध्ये जाऊन बसतं. ते अडवते फक्त वाळूची जाडी. बोअरमधून रेती येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर), मग डिस्क. बोअरचं पाणी स्वच्छ असेल तर एकटा डिस्क पुरतो. डिस्कच्या चकत्या 130 मायक्रॉनच्या, म्हणजे 120 मेशच्या असाव्यात.

डिस्क फिल्टर उघडून बघा, सगळं समजेल. झाकण फिरवून काढलं की एकावर एक रचलेल्या पातळ चकत्यांचा दंडगोल हातात येतो. धुतलेला असेल तर चकत्यांवरच्या बारीक खाचा बोटाला खरखरीत लागतात. दोन आठवडे न उघडलेला असेल तर त्या खाचा दिसतच नाहीत. वर तपकिरी, बुळबुळीत साय चढलेली असते आणि तिला डबक्यासारखा कुबट वास येतो. नुसत्या पाण्याखाली धरून ती निघत नाही. स्क्रू सैल करून चकत्या सुट्या करायच्या, दोरीत ओवून बादलीत खळखळायच्या, मग पुन्हा घट्ट आवळायच्या. ढिल्या राहिल्या तर फिल्टर असूनही गाळ पार जातो. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं, आणि दोष मग नळीला दिला जातो.

वाळूच्या फिल्टरला दुष्काळात वेगळीच अडचण येते. त्याला बॅकवॉश द्यायचा म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू उचलायची. पाण्याला जोर असेल तरच वाळू उचलली जाते. विहिरीचा उपसा निम्म्यावर आला की तो जोर राहत नाही. वाळू जागच्या जागी दडपलेली राहते, तिच्यात एखादी वाट पडते आणि गढूळ पाणी त्या वाटेने सरळ निघून जातं. गेजवर दाब चांगला दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय असा: फिल्टर उन्हाळ्यातल्या पाण्याच्या हिशेबाने घ्या, उगाच मोठ्या टाकीचा नको. महिन्यातून एकदा झाकण उघडून वाळू हाताने ढवळून धुवा. बॅकवॉशचं पाणी फुकट घालवू नका. ताशी 12,000 लिटरच्या पंपाने पाच मिनिटांचा बॅकवॉश म्हणजे 1,000 लिटर. त्याचा पाइप बांधावरच्या नारळाकडे किंवा चाऱ्याच्या वाफ्याकडे वळवा. विहिरीत परत सोडू नका. तोच गाळ उद्या पुन्हा फिल्टरवर येतो.

बॅकवॉश कधी द्यायचा हे गेज सांगतं. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन गेज हवेत. ठरीव संचात बहुतेक वेळा एकच येतो, आणि एका गेजवरून काहीच कळत नाही. स्वच्छ फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात 0.2 ते 0.3 किलोचा फरक असतो. फरक 0.5 किलोवर गेला की फिल्टर धुवायचा. तारीख बघून धुण्यापेक्षा हे चांगलं, कारण गढूळ पाण्यात दिवसातून दोनदा धुवावा लागतो आणि निवळ पाण्यात आठवडा निघतो. दुसऱ्या गेजची किंमत सगळ्या संचापुढे नगण्य आहे. तो न देणाऱ्या विक्रेत्याला आम्ही फिल्टरच्या गुणांतून अर्धा गुण कमी केला.

पुढची गोष्ट क्षारांची. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. पाण्याची पातळी खाली जाते तसं पाणी जड होत जातं. दुपारी नळी तापते, ड्रिपरच्या तोंडाशी थेंब वाळतो आणि पांढरी कडी धरते. नखाने ती तुटते, पण आत धरलेला चुना फिल्टरने अडत नाही, कारण फिल्टरमधून जाताना तो पाण्यात विरघळलेला असतो. तो आम्लानेच काढावा लागतो. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं एकाच टाकीत कालवली तर हाच प्रकार तासाभरात होतो, दूध फाटल्यासारखा साका खाली बसतो. ती खतं वेगवेगळ्या दिवशी सोडा.

आम्लाची प्रक्रिया पीक निघाल्यावर, रान रिकामं असताना करा. आधी मेनलाइन, मग सबमेन, मग नळ्या या क्रमाने धुवून घ्या. बादलीत एक लिटर पाणी घ्या, त्यात व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाका आणि सामू (पीएच) कागदाने तपासत राहा. सामू 4 च्या खाली आला की थांबा. समजा लिटरला 2 मि.लि. लागलं. अर्ध्या एकराच्या भागाला ताशी 6,750 लिटर, म्हणजे पंधरा मिनिटांत सुमारे 1,690 लिटर पाणी जातं. त्याला साडेतीन लिटर आम्ल हवं. ते व्हेंच्युरीतून (पाण्यात खत किंवा आम्ल ओढून घेणाऱ्या जोडातून) पंधरा मिनिटांत सोडा, शेवटच्या नळीच्या टोकाशी कागद धरून सामू उतरल्याची खात्री करा, मग पंप बंद करून 24 तास पाणी नळीतच मुरू द्या. दुसऱ्या दिवशी एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) काढून धुवून टाका. पांढरट पाणी बाहेर पडताना दिसलं तर प्रक्रिया लागू पडली. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर वापरायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, तिचं निवळलेलं पाणीच घेऊन. आम्ल आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. विक्रेत्याने दिलेल्या माहितीपत्रकात ही सूचना ठळक असायला हवी. बहुतेक ठिकाणी माहितीपत्रकच मिळत नाही. सेवेला दीड गुण त्यामुळेच.

व्हेंच्युरीबद्दल थोडंसं. ती आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर ओढते. पंप जेमतेम असेल तर ती खत ओढत नाही, किंवा खत ओढते आणि रानातला दाब पाडते. ती चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी दुसरा गेज बघा. बायपास व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून फरक वाढवला की बहुधा ओढायला लागते.

पाणी किती वेळ सोडायचं, याचा हिशेब विक्रेते देत नाहीत. तो अवघड नाही. बाष्पीभवन दिवसाला 8 मि.मी. धरा. त्याला 0.7 ने (बाष्पीभवन मोजायच्या भांड्याचा गुणांक) आणि पिकाच्या अवस्थेच्या गुणांकाने, समजा 0.8 ने, गुणा. झालं साधारण 4.5 मि.मी. एकराला ते 18,000 लिटरच्या आसपास भरतं. दहा टक्के पाणी वाया जाणार असं धरलं तर 20,000 लिटर. ताशी 13,500 लिटरच्या हिशेबाने दीड तास. अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन भाग असतील तर प्रत्येकाला दीड-दीड तास. पण शेतीची वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीला येते. ऑटो स्टार्टरवर पंप पाच-सहा तास चालतो, आणि दीड तासाचं पाणी तिप्पट-चौपट होऊन मुळांच्या खाली जातं. ठिबक असून पाणी वाचत नाही ते इथे. साधा टायमर किंवा पाण्याचा मीटर लावला तर हे थांबतं. मल्चिंग कागद किंवा उसाचं पाचट अंथरलं तर वाफही कमी होते. उसाचं पाचट जाळू नका. ठिबकच्या नळीवर त्याच्याइतकं स्वस्त पांघरूण दुसरं मिळणार नाही.

अनुदानाचं थोडक्यात. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर पडून ते 80 आणि 75 टक्के होतात. पाच हेक्टरची मर्यादा आहे. पण हे टक्के मंजूर मापदंडावरचे आहेत, तुमच्या बिलावरचे नव्हेत. वाळूचा फिल्टर, दुसरा गेज, दुसरा व्हॉल्व्ह यांनी बिल मापदंडाच्या वर गेलं तर तेवढे पैसे खिशातून जातील. तेवढे घाला. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती आणि मगच खरेदी, हा क्रम मोडला तर अनुदान हातचं जातं. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोटेशनवर जुना दर नाही ना, ते बघून घ्या. पाणी तपासून घ्यायचं असेल तर बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत सोय आहे. सामू, क्षारता आणि बायकार्बोनेट या तीन आकड्यांवर फिल्टर आणि आम्लाचा निर्णय घेता येतो.

एक गोष्ट कोटेशनमध्ये बसत नाही, पण सांगायलाच हवी. ठिबकने वाचलेलं पाणी आणखी अर्धा एकर ऊस लावायला गेलं तर विहिरीला काहीच मिळत नाही, आणि शेजारच्या विहिरीला तर त्याहून कमी. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटलं, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. ठिबकचा संच सामाईक विहिरीवर बसवणाऱ्या गटांनी हे नियम आधी ठरवावेत आणि मग व्हॉल्व्ह मोजावेत. व्हॉल्व्ह आधी बसले की पाळ्यांवरून भांडणं ठरलेली.

शेवटी ताबा घेण्याचा दिवस. फिटर घाईत असतो. त्याला जाऊ देऊ नका. रानातल्या चार नळ्या निवडा. प्रत्येक नळीवर सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि टोकाला अशा चार ड्रिपरखाली डबे ठेवा. तीन मिनिटं पाणी धरून मापाच्या ग्लासने मोजा. 2 लिटरच्या ड्रिपरने 100 मि.लि. द्यायला हवं. सोळा मोजमापांची सरासरी काढा, त्यातल्या सगळ्यात कमी चारांची सरासरी वेगळी काढा आणि दुसरीला पहिलीने भागा. 0.9 च्या वर असेल तर संच चोख बसला आहे. सोळांची सरासरी 92 आणि कमी चारांची 64 आली, म्हणजे 0.7, तर कुठेतरी दाब मरतोय. सबमेन लहान आहे, नळी लांब आहे किंवा सबमेन जोडताना पीव्हीसीचा कीस आत राहिला आहे. ते सगळं त्याच दिवशी फिटरकडून नीट करून घ्या आणि सोळाही आकडे बिलाच्या मागच्या बाजूला लिहून त्याची सही घ्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच सोळा जागी पुन्हा डबे ठेवले की ड्रिपर किती बुजले ते समोर येईल. जाताना त्याच्याकडून पाच टेकऑफ (नळी सबमेनला जोडायचे तुकडे), पाच ग्रोमेट (त्यांच्या रबरी चकत्या), दहा जॉइनर, दहा एंड कॅप, डिस्क फिल्टरचा एक जादा रबरी रिंग आणि भोकं पाडायचा ड्रिल बिट मागून घ्या. उन्हाळ्यात एका फुटलेल्या ग्रोमेटसाठी तालुक्याला जाऊन येईपर्यंत एक पाळी हुकते.